आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की आरटीएक्स ४०६० (८ जीबी): लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगला कोणतं कार्ड जास्त वेगवान?

एनव्हिडियाच्या या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी गेमसाठी ४०६०, लग्नाच्या कामासाठी १२ जीबीवालं ३०६०. धुळ्यात स्टुडिओ टाकतोय, दिवसा एडिटिंग करणार आणि रात्री थोडे गेम खेळणार, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पोट एडिटिंगवर आहे. मग ३०६० घ्या. मी अमळनेरला हेच काम करतो, लग्नाचे व्हिडिओ आणि अधूनमधून अहिराणी गाणी. या प्रश्नावरून आमच्या घरात बरंच काही झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेमच्या वेगाचे चार्ट तुम्ही पाहिलेच असतील. १०८० पीला (फुल-एचडीला) ४०६० सरासरी १५ ते २० टक्के पुढे असतं आणि ते खरंच आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस फ्रेम जनरेशनही, म्हणजे गेममध्ये मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून भरणं, त्यालाच मिळतं. पण मेमरीची बस, म्हणजे डेटा ये-जा करण्याचा रस्ता किती रुंद आहे ते बघा. ३०६० ची १९२ बिट, सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ची १२८ बिट, २७२ जीबी. ही कसर कंपनीने २४ एमबी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) टाकून भरून काढली, आणि गेममध्ये ती बऱ्यापैकी भरून निघतेही. फोर-के टाइमलाइनवर मात्र कॅशने भागत नाही. तिथे फ्रेम ठेवायला जागा लागते, आणि ८ जीबीत ती नसते.

माझा मामेभाऊ पुण्याला कंपनीत आहे. २०२३ च्या जूनमध्ये ४०६० बाजारात आलं, तेव्हाच आम्ही धाकट्या भावासाठी दुसरं मशीन जुळवत होतो. मी म्हणत होतो, माझ्यासारखंच १२ जीबीवालं घेऊ. मामेभावाने फोनवर चार्ट पाठवले आणि आबांना सांगितलं, "२०२१ चं कार्ड आता कोण घेतं? भाऊला जुन्याची सवय झालीय." भाऊ म्हणजे मी. आबांनी त्याचं ऐकलं. रोज त्या खुर्चीत बसून पोट भरणारा मी, आणि शब्द चालला पुण्याचा. हे मला तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

पुढच्या मे महिन्यात पारोळ्याकडचं एक लग्न होतं. हळद, मांडव, लग्न सगळं व्यवस्थित शूट झालं, पण वरात रात्री उशिरा निघाली. डीजेच्या गाडीवरचे निळे-जांभळे लाइट सोडले तर रस्त्यावर अंधार. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) चढवावाच लागला, आणि नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवर नुसते दाणे नाचत होते. असं फुटेज स्वच्छ करायचं तर टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावावं लागतं. ते मागच्यापुढच्या फ्रेम एकदम मेमरीत धरून ठेवतं. दोन कॅमेऱ्यांचं फोर-के, वर ग्रेडिंग (रंग जुळवणं), वर हे. भावाच्या मशीनवर रेंडर लावला की थोडं पुढे जायचा आणि पाटी यायची: जीपीयूची मेमरी भरली, टाइमलाइनचं रिझोल्यूशन कमी करा. मुलीच्या वडिलांना फोर-के कबूल केलेलं, ते कमी कसं करणार?

मामेभावाला फोन केला तर म्हणे प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवा. प्रॉक्सी कापाकापीच्या वेळी कामाला येते, शेवटचा रेंडर मूळ फुटेजवरूनच काढायचा असतो. शेवटी तोच प्रोजेक्ट माझ्या ३०६० वर उघडला. सावकाश चालला, पण न थांबता पूर्ण झाला. जे कार्ड काम मध्येच टाकून देतं, त्याला वेगवान म्हणायला मी तयार नाही. पहिल्या दहा मिनिटांत ते कितीही पळो.

आता ४०६० ची खरी जमेची बाजू, जी या चार्टवाल्यांना नीट सांगताही येत नाही: ते ११५ वॅट खातं आणि ३०६० खातं १७०. रिव्ह्यू करणाऱ्यांच्या खोलीत एसी असतो. आमची खोली पत्र्याची, आणि मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश. पुण्यात ज्या कार्डाचा पंखा ऐकूही येत नाही, तेच इथे दुपारी घोंघावतं, आणि फार तापलं की स्वतःहून क्लॉक (चालण्याचा वेग) उतरवतं. भाऊ कॅबिनेटला हात लावून म्हणतो, "हाई ते तपी ऱ्हायनं, भो." त्यात आमच्या मागे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे. कापसाचा सीझन संपला की मी कार्ड काढून बघतो. हीटसिंकच्या पात्यांवर कापसाचे तंतू आणि काळी धूळ मिळून जाड नमदा बसलेला असतो, ब्रशने निघत नाही, चिमट्याने सोलून काढावा लागतो. तुमच्याकडेही जवळपास जिनिंग असेल तर सीझननंतर हे करायचंच. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओलाव्याने हाच थर आणखी घट्ट बसतो.

लाइटचं तुम्हाला सांगायला नको. फक्त ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. ३०६०, प्रोसेसर आणि मॉनिटर एकदम लोडवर असताना लाइट गेली तर तो तिथेच बसेल. मोठा घ्या.

तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये (जास्त रंगमाहिती ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) शूट करत असेल तर आणखी एक. त्या फुटेजला हार्डवेअर डिकोड, म्हणजे चिपनेच फाइल उलगडून दाखवणं, या दोन्ही कार्डांत नाही, ते एनव्हिडियाच्या ५० सिरीजमध्ये आलं. त्यामुळे प्लेबॅक अडखळला तर कार्डाला दोष देऊ नका. ११व्या पिढीपासूनचे ग्राफिक्सवाले इंटेल प्रोसेसर एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) चं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतात. थोडे पैसे वाचवायला 'एफ'वाला, म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला, प्रोसेसर घेतलात तर ही सोय गेली. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

३०६० घेताना डब्यावर १२ जीबी वाचूनच पैसे द्या. २०२२ मध्ये याच नावाने ८ जीबीचं काढलं होतं. त्याची बस १२८ बिटच आहे आणि ते बरंच मंद आहे, ते कोणत्याच कामाला घेऊ नका. सेकंडहँड मिळालं तर मायनिंगला (क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र चालवायला) वापरलंय का विचारा, आणि समोर तासभर लोडवर चालवून घ्या. उलट तुम्ही फक्त फुल-एचडीत रील आणि हायलाइट करणार असाल, नॉइज रिडक्शन क्वचित लागणार असेल, तर ४०६० ने तुमचं काम छान होईल. एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ काढायची सोयही (एन्कोड) त्याच्यातच आहे, ३०६० मध्ये नाही. फक्त मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटचा (कार्ड बसवायच्या खाचेचा) नसावा. ४०६० ला डेटाच्या आठच लेन आहेत, त्या स्लॉटवर त्यांचा वेग निम्मा होतो, आणि मेमरी भरून डेटा रॅममध्ये सांडायला लागला की ते चांगलंच जाणवतं.

आणि घरात पैसे कोणाच्या शब्दावर निघणार हे आधी ठरवा. जो खुर्चीत बसणार आहे त्याच्याच शब्दावर निघायला हवेत, बाहेरगावच्या नातेवाइकाच्या नाही. पारोळ्याच्या वरातीचा तो प्रोजेक्ट मी अजून ड्राइव्हवर ठेवलाय. मामेभाऊ दिवाळीला येणार आहे. आबांच्या समोर दोन्ही मशीनवर रेंडर लावून दाखवणार आहे.