एकच गोष्ट अनेक भाषांत नेटवर कशी शोधावी? आणि इंग्रजी बोलणारे इतर भाषांना कमी का लेखतात?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. मराठीत शोधलं की फारसं काही हाती लागत नाही, तर तीन-चार भाषांत शोधायचं कसं, हा एक. आणि इंग्रजीवाले बाकीच्या भाषांना खिजगणतीत का धरत नाहीत, हा दुसरा. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे.

मी कोल्हापुरात कृषी सेवा केंद्र चालवतो. शेतकरी दुकानात येऊन मोबाइल पुढं करतात, "हे काय पडलंय बघा की." त्यामुळं शोधाशोध हा माझ्या धंद्याचाच भाग झालाय. मी उसावरनंच सांगतो, त्यातलं मला कळतं.

हुमणीचं बघा. ही जमिनीत राहून मुळं खाणारी अळी, पुढं तिचाच भुंगेरा होतो. ऊस पिवळा पडतो, बेट हातानं उपसलं की मुळासकट वर येतं, कारण मुळं खाऊन फस्त झालेली असतात. इंग्रजीत ऊस आणि या अळीचं नाव टाकून शोधलं तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधली बरीच माहिती येते. उत्तम लिहिलेली, चित्रांसहित. पण ती त्यांच्या भुंगेऱ्यांबद्दल असते. तिथली जात वेगळी, पाऊस वेगळा, यंत्रं वेगळी. (याच भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला १९३५ साली त्यांनी हवाईहून मोठे विषारी बेडूक आणून सोडले. बेडकांनी भुंगेरे काही संपवले नाहीत, स्वतः मात्र दूरवर पसरले. आजही ते निस्तरतायत.) कुठंही "हे फक्त क्वीन्सलँडपुरतं आहे" असं ठळक लिहिलेलं नसतं. इंग्रजीत आहे म्हणजे सगळ्या जगाला लागू, असा वाचणाऱ्याचा समज होतो आणि लिहिणाऱ्याचाही. इंग्रजीवाल्यांच्या ज्या वृत्तीबद्दल तुम्ही विचारलंत, ती मला इथं दिसते. कमी लेखायला आधी दुसरी भाषा डोळ्यांपुढं असावी लागते. त्यांच्या डोळ्यांपुढं ती नसतेच.

आता तेच मराठीत शोधा. माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी हे दोन वेगळे किडे आहेत, हे मराठी शेतीलेखनात सरळ सांगितलेलं सापडतं. पहिली होलोट्रिकिया सेराटा, दुसरी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्याला हा फरक पहिल्या दिवशी कळायला हवा. पहिलीचे भुंगेरे वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे सगळं मराठीत आहे. मिळत नाही, कारण आपण शब्द टाकतो एक आणि लिहिणाऱ्यानं लिहिलेलं असतं दुसरं.

"ऊस" टाकलंत तर "उसावरील" निसटू शकतं, कारण विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. शिवाय "ऊसावरील" असं चुकीचं लिहिणारेही भरपूर. "कोल्हापूर" आणि "कोल्हापुरात" यांचंही तेच. गूगल अलीकडं थोडंफार समजून घेतं, पण एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरचा शोधाचा चौकोन अक्षराला अक्षर जुळवत बसतो. म्हणून "ऊस", "उसा", "ऊसा" असे तिन्ही तुकडे टाकून बघा. "ॲ" हे अक्षर तर दोन प्रकारे टाइप होतं. युनिकोडनं (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देणारी पद्धत) २००८ साली त्याला स्वतंत्र जागा दिली, त्याआधी लोक अ वर चंद्र द्यायचे आणि अजूनही देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही. "दऱ्या"मधल्या ऱ्याचीही तीच रड.

त्याहून मोठी अडचण जुन्या मजकुराची. युनिकोड रुळायच्या आधीच्या कितीतरी पुस्तिका श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टांत टाइप केलेल्या आहेत. फाइल उघडली की पडद्यावर शुद्ध मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. शोधयंत्राला ते मराठी आहे हेच कळत नाही. अशा फाइली मी शब्दानं शोधतच नाही. कृषी विद्यापीठाच्या किंवा ऊस संशोधन केंद्राच्या पानावर जाऊन एकेक उघडून बघतो. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही.

हिंदी आणि मराठीची लिपी एक, म्हणून निकालांत हिंदी घुसतं. शोधात "आहे" किंवा "करावी" असा एखादा शब्द घुसडा, हिंदी बऱ्यापैकी गळून जातं. उलट हिंदीतलं हवं असेल तर "सफेद लट" टाका. आपल्याकडंच काही भागांत हुमणीला उन्नी म्हणतात, तेही टाकून बघावं. आणि पोरं मराठी रोमन लिपीत लिहितात, तसंही एकदा शोधा. व्हिडिओंची शीर्षकं पुष्कळदा तशीच असतात.

भाषा ओलांडायची खरी युक्ती म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं नाव धरणं. किडीचं शास्त्रीय नाव, उसाच्या जातीचा नंबर. को ८६०३२ हा नंबर मराठी, कानडी, तमिळ, इंग्रजी सगळीकडं तोच. रोमन लिपीत शास्त्रीय नाव टाकून एखादं कानडी पान सापडवायचं, त्यावर कानडीतलं रोजचं नाव मिळतं (हुमणीला ते गोण्णे हुळू म्हणतात), ते उचलून पुन्हा शोधायचं. मग धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडचं साहित्य दिसू लागतं. भाषांतर मोबाइल करून देतो. बेळगाव जिल्ह्यातली माती नि पाऊस आपल्याला क्वीन्सलँडपेक्षा कितीतरी जवळचे.

आणि पोर्तुगीज विसरू नका. जगात सगळ्यात जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो, आपला नंबर दुसरा. हुमणीवर आपल्याकडं मेटारायझियम ही किडींना मारणारी बुरशी सांगतात. तीच बुरशी ब्राझीलमध्ये उसाच्या मुळाशी फेसात राहणाऱ्या एका रसशोषक किडीवर फार मोठ्या प्रमाणात वापरतात. ती तयार कशी करायची, टिकवायची कशी, ओल किती लागते, यावर त्यांनी रगड लिहिलंय, त्यातलं बरंचसं पोर्तुगीजमध्ये. किड वेगळी आहे, म्हणून प्रमाण जसंच्या तसं उचलू नये, पण बुरशी हाताळायची रीत शिकण्यासारखी आहे. फक्त इंग्रजीत शोधणाऱ्याच्या नजरेतनं यातलं बरंच निसटतं.

आता वृत्तीबद्दल. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकी भाषा शिकण्याची सक्ती राहिली नाही, आणि त्यानंतर भाषा घेणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच घसरलं. तिरस्कारापोटी पोरं भाषा सोडत नाहीत. तिच्यावाचून अडत नाही म्हणून सोडतात. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका. अमेरिकेत पाचातला एक माणूस घरी इंग्रजी सोडून दुसरीच भाषा बोलतो. आणि मोल्सवर्थही इंग्रजच होता. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. जुने गावरान शब्द शोधायला मी ती अजून उघडतो. फलटणला राहून मराठी शाळा उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. ज्यांना गरज पडली किंवा गोडी लागली, ते शिकले.

आपलं तरी काय निराळं आहे? निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी दुकानात येतो तो मराठीत बोलतो. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या कानडी बायकांशी महाद्वार रोडवरचे दुकानदार धंद्यापुरतं कानडी बोलतात, बाकी शहराला त्याची फिकीर नाही. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या आमच्याकडच्या किती जणांना कानडी पाटी वाचता येते? इंग्रज जसा मराठीशी वागतो तसेच आपण कानडीशी वागतो, आणि कानडी माणूस त्यांच्या किनाऱ्याकडच्या तुळू भाषेशी तसाच वागत असणार. ज्याचं काम अडतं तो दुसऱ्याची भाषा शिकतो, एवढा साधा हिशोब आहे. त्यामुळं इंग्रजीवाल्यांवर चिडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. चीड येते ती आपल्याच कृषी पदवीधरांची. हुमणीवर मराठीत पानंच्या पानं असताना ते इंग्रजीत शोधून क्वीन्सलँडचं औषध सांगतात.

एक काळजी मात्र घ्या. मराठी पान सापडलं की आधी त्याची तारीख बघा. हुमणीसाठी फोरेट हे कीटकनाशक टाका असं सांगणारी जुनी पानं अजून वर येतात. २०१८ च्या सरकारी आदेशानं ते बंद करायचं ठरलं आणि २०२० संपता संपता त्यावर पूर्ण बंदी आली. अशा पानावरचं औषध सोडून द्या, त्यासाठी कृषी खात्याच्या माणसाला विचारा. किडीची ओळख आणि भुंगेरे कधी निघतात ते मात्र त्यातूनच घ्या, ते अजून तसंच आहे.