पंप वाजला नाही, पण बाळाचा हात काळा पडला

प्रश्न : माझी १४ महिन्यांची मुलगी जुलाब-उलट्यांसाठी खासगी रुग्णालयात दाखल होती. सलाईन पंपावर (ठरावीक वेगानं सलाईन सोडणारं यंत्र) चालू होतं. रात्री सलाईनचा हात सुजला. मी दोनदा सांगूनही सिस्टर म्हणाल्या, “पंप वाजत नाही ना, मग ठीक आहे.” रात्री दोनचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. सकाळी कातडी काळी पडली होती. आता स्किन ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी काढून तिथं लावणं) सांगितलंय. रुग्णालय म्हणतं, संमतीपत्रावर तुमची सही आहे. ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या, बिल माफ करतो.

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. बिल भरा, पावती घ्या.

लहान मुलांच्या शिरा नाजूक. कितीही काळजी घेतली तरी सुई निसटते, म्हणून नुसतं ‘सलाईन आउट झालं’ एवढ्यावर दावा टिकत नाही. तो टिकतो पुढच्या तासांवर. पंपाला नळीतला दाब कळतो, बाळाचा हात कळत नाही. औषध शिरेबाहेर झिरपत असतानाही तो मुकाट चालू राहू शकतो. म्हणूनच सुईची जागा डोळ्यांनी पाहायची, बोटांनी चाचपायची असते. आईनं दोनदा सांगूनही कुणी पाहिलं नसेल, तर माझ्या मते हा सरळ निष्काळजीपणा आहे. आणि संमती तुम्ही उपचाराला दिलीत, हलगर्जीपणाला नाही.

उद्याच केस पेपरसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद मिळायला हवेत. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. रात्रीचा नर्सिंग चार्ट हवाच. सलाईनमध्ये काय मिसळलं होतं तेही पाहा, कॅल्शियम शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. रात्रभराच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर मला जरूर कळवा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुलीसोबत स्वतःच्या नावानंही भरपाई मागा. स्प्रिंग मेडोज या रुग्णालयाच्या प्रकरणात नर्सनं एका मुलाला चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये मूल आणि आईवडील दोघांनाही ग्राहक मानलं आणि आईवडिलांच्या मनस्तापाची भरपाई वेगळी दिली.

पोलिसांत आत्ताच जाऊ नका. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, तो सिद्ध करणं फार अवघड.

आणि तो फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ राहत नाही, आणि तुमची सगळी केस त्या वेळेवर उभी आहे.