‘विघटन’ की ‘विलगन’?

खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, इन्सुलिन हे संप्रेरक आणि त्याचा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचा, त्याला धरून ठेवणारा रेणू) यांचे संगणकीय प्रारूप मराठीत समजावून सांगताना इन्सुलिन ग्राहीपासून सुटते, त्या क्रियेला ‘विघटन’ म्हणावे का. माझ्या मते म्हणू नये, आणि याचे कारण व्याकरणाचे नसून समीकरणाचे आहे.

अशा प्रारूपात संप्रेरक ग्राहीशी जोडले जाण्याचा एक दर असतो आणि सुटण्याचा दुसरा. सुटताना दोहोंपैकी कशाचीही मोडतोड होत नाही. तोच रेणू पुन्हा त्याच किंवा शेजारच्या ग्राहीशी जोडला जाऊ शकतो. बेळगावहून आलेला प्रवासी खानापूरला उतरला, म्हणून बस भंगारात निघाली असे आपण म्हणत नाही. खरी मोडतोड पुढे होते: ही जोडी पेशी आत ओढून घेते, तेथे इन्सुलिनचे तुकडे पडतात आणि ग्राही बऱ्याचदा पृष्ठभागावर परततो. प्रारूपाच्या समीकरणात त्यासाठी स्वतंत्र पद लिहावे लागते. ओल्या कचऱ्यामुळे घरोघरी पोहोचलेला ‘विघटन’ हा शब्द त्या पदासाठीच राखून ठेवावा, अन्यथा एकाच समीकरणात दोन वेगळ्या क्रिया एकाच नावाने वावरतील.

अधिक घोटाळा स्थिरांकापाशी होतो. सुटण्याच्या दरस्थिरांकाला जोडण्याच्या दरस्थिरांकाने भागले असता मिळणारी संख्या म्हणजे निम्मे ग्राही व्यापले जातात तेव्हाची मुक्त संप्रेरकाची संहती, म्हणजे द्रावणातले प्रमाण. साध्या प्रारूपात ती १ नॅनोमोलर (नॅनोमोलर हे संहतीचे एकक) असेल, तर ९ नॅनोमोलरला ९० टक्के ग्राही व्यापलेले असतात. (इन्सुलिनचा ग्राही इतका सरळ वागत नाही, हा भाग वेगळा.) संख्या जितकी लहान, तितकी पकड घट्ट. तिला ‘विघटन स्थिरांक’ म्हटले, तर ती लहान असणे म्हणजे इन्सुलिन कमी नष्ट होणे, असा भलताच अर्थ वाचणारा लावील.

महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांतला ‘विचरण’ हा शब्द क्षार पाण्यात आयनांत वेगळे होतात त्यासाठी रुळला आहे; येथे तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. म्हणून संज्ञा ‘विलगन’, ‘विलगन स्थिरांक’ अशी ठेवावी आणि वाक्यात मात्र सरळ ‘सुटते’ लिहावे.

जाता जाता: कन्नड विज्ञानलेखनात ग्राहीला ‘ग्राहक’ म्हणतात, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांच्या वहीतही तो येतो. मराठी वाचकाला त्यातून बेळगावच्या खडेबाजारातले गिऱ्हाईकच दिसेल, तेव्हा तेथे ‘ग्राही’च बरा.