आईसाठी हॉस्पिस घेऊ का?

प्रश्न : माझी आई ८६ वर्षांची आहे. न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये दोन वर्षं आहे (इकडे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांचं राहण्याचं ठिकाण). स्मृतिभ्रंशामुळे ती बोलत नाही, घास गिळत नाही. न्यूमोनियामुळे दोन महिन्यांत दोनदा हॉस्पिटलात नेलं. तिथल्या नर्सने हॉस्पिस (बरं करण्याऐवजी शेवटच्या दिवसांत त्रास कमी करणारी सेवा) सुचवलं. सांगलीचा दादा फोनवर म्हणाला, "आईला मरायला सोडतेस का?"
– एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, १६ वर्षं मी हॉस्पिसची नर्स आहे. दादांचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलाय. हॉस्पिससाठी आईंना कुठेही हलवत नाहीत. आमची माणसं त्याच खोलीत, त्याच पलंगापाशी येतात. दुखणं, धाप, घशातली घरघर यांवर औषध देतात, कोरडं तोंड ओल्या स्पंजने पुसतात. दोन डॉक्टरांनी 'आजार असाच चालला तर सहा महिने किंवा कमी' असं लिहून द्यावं लागतं. त्याहून जास्त जगल्या तर? तपासून मुदत वाढवतात : आधी ९०-९० दिवस, मग ६०-६०. मन बदललं तर कधीही बंद करता येतं.

खरी अडचण पैशाची, आणि ती कुणी नीट सांगत नाही. हॉस्पिटलातून परतल्यावर मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) काही दिवस 'रिहॅब' (पुन्हा उभं करण्यासाठी व्यायाम-उपचार) देतं, त्यात खोलीचाही खर्च येतो. हॉस्पिसमध्ये औषधं, नर्स मेडिकेअरकडून, पण खोलीभाडं घरच्यांचं किंवा मेडिकेडचं (कमी उत्पन्नाच्यांसाठीचा सरकारी विमा). एकाच आजारासाठी दोन्ही सहसा मिळत नाही. म्हणून घरचे रिहॅब घेतात आणि उठूनही न बसणाऱ्या माणसाला व्यायाम करायला लावतात. एका आजींना शेवटच्या दहा दिवसांत तीनदा अँब्युलन्समध्ये घातलेलं मी पाहिलंय. हातावर सुयांचे काळेनिळे डाग होते. ते हात अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

तुमच्या जागी मी हॉस्पिस घेतलं असतं. उद्याच सोशल वर्करला गाठा. 'आईचे दिवस सध्या मेडिकेअरच्या रिहॅबमध्ये मोजले जाताहेत का, मेडिकेड आहे का' हे विचारा आणि हॉस्पिसची तपासणी मागा. दादांना व्हिडिओ कॉलवर आमच्या नर्सशी बोलू द्या. मॉर्फिनची (दुखणं आणि धाप कमी करणारं औषध) भीती त्यांनाही असणार. थेंब-थेंब, धाप बघून देतात, जीव घेण्यासाठी नाही.

आणखी एक. आई कधी पुटपुटल्याच तर मराठीतच पुटपुटतील. 'दुखतंय', 'पाणी', 'नको' हे शब्द रोमन अक्षरांत, अर्थासकट मोठे लिहून पलंगाच्या वर चिकटवा. रात्रपाळीच्या मुलींना ते कळायला हवेत.