सिमेंटच्या किल्नचं डिझाइन कसं करतात? लांबी-व्यास सोपा आहे, टायरखालची फट बघा

तुम्ही मेकॅनिकल थर्ड इयरला आहात, सेमिनारला सिमेंटची रोटरी किल्न (फिरती भट्टी) घेतलीय आणि विचारताय की लांबी, व्यास, उतार आणि आरपीएम कशावरून ठरतो, आणि एवढा अवाढव्य पाइप रोलरवर नुसता ठेवलेला असतो का. पहिल्या भागाचं उत्तर गणिताने देतो, पण दुसरा भाग जो तुम्ही जाता जाता विचारलाय ना, खरं डिझाइन तिथे आहे. हो, नुसताच ठेवलेला असतो. मी पिंपरीत याच मशिनरीच्या डिझाइनमध्ये काम करतो आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात हेच समजावत बसतो, कारण कॉलेजात सगळे भट्टी म्हणून शिकवतात, हीट बॅलन्स करून घेतात आणि सोडून देतात.

आधी आतमध्ये काय होतं ते थोडक्यात. चुनखडक आणि मातीची बारीक पूड म्हणजे रॉ मील वरून येतं. साधारण ८५०-९०० अंशाला चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो (शुद्ध चुनखडकाचं ४४ टक्के वजन यातच जातं) आणि उरलेला चुना सिलिका, अॅल्युमिना, लोखंडाबरोबर १४५० अंशापर्यंत तापून क्लिंकर होतो, म्हणजे ज्याला दळून सिमेंट करतात ते कडक गोळे. आतली ज्वाला २००० अंशाच्या आसपास असते. १३०० च्या वर थोडा भाग वितळतो आणि त्या चिकट द्रवातच एलाइट तयार होतं, ज्याने सिमेंटला ताकद येते. माल सतत उलटापालटा व्हावा, सगळ्याला सारखी उष्णता लागावी आणि माल आपोआप पुढे सरकावा म्हणून पाइप तिरका ठेवून फिरवायचा, एवढीच मूळ कल्पना. फ्रेडरिक रॅन्समने १८८५ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं, पण नीट चालवून दाखवली ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोकांनी, आणि मग एडिसनने (हो, बल्बवालाच) न्यू जर्सीत १५० फुटी किल्न उभी केली तेव्हा बाकीच्यांच्या ६० फुटांच्या आसपास होत्या. त्यानंतर किल्न लांबच होत गेल्या, ओल्या प्रोसेसच्या (पाण्यात कालवलेलं रॉ मील घेणाऱ्या) तर २०० मीटरपर्यंत गेल्या, कारण पाणी वाळवणं, चुनखडक फोडणं, भाजणं सगळं एकाच पाइपात करायचं होतं. १९५० च्या दशकात सायक्लोनवाला प्रीहीटर (किल्नच्या गरम वायूने रॉ मील आधीच तापवणारा) आला, १९७० च्या दशकात जपान्यांनी प्रीकॅल्सायनर (किल्नच्या आधीच चुनखडक फोडणारी वेगळी भट्टी) रुळवला आणि किल्नचं निम्म्याहून जास्त काम बाहेर गेलं. आज माल किल्नमध्ये शिरतो तेव्हाच ९० टक्क्यांच्या वर कॅल्साइन झालेला (कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला) असतो आणि ६० टक्के इंधन तिकडे वरच जळतं. म्हणून आजची ३००० टनांची किल्न ६०-६५ मीटरमध्ये भागते. किलोमागे उष्णताही १३०० किलोकॅलरीच्या वरून ७०० च्या आसपास आलीय. जुन्या पुस्तकातलं लांबी भागिले व्यास ३२-३५ हे गुणोत्तर बघून गोंधळू नका, ते ओल्या प्रोसेसचं आहे. आता १४-१६ धरा, दोनच सपोर्टवाल्या आखूड किल्नला १०-१२.

आता गणित. दिवसाला ३००० टन क्लिंकर पाहिजे. प्रीकॅल्सायनर किल्नला आतल्या दर घनमीटरमागे दिवसाला साडेचार टन धरलं तर ६६०-६७० घनमीटर लागतात. शेल (बाहेरचा स्टीलचा पाइप) ४.१५ मीटर व्यासाचं घेतलं आणि आत २०० मिलिमीटर वीट लावली तर मोकळा व्यास ३.७५ उरतो, क्षेत्रफळ ११ चौरस मीटर, म्हणजे लांबी ६० मीटर. उतार साडेतीन टक्के, म्हणजे जवळपास २ अंश, म्हणजे ६० मीटरमध्ये २.१ मीटर खाली. मालाला आतून जायला लागणारा वेळ मिनिटांत काढायचा ढोबळ फॉर्म्युला: ११.२ गुणिले लांबी, भागिले (व्यास गुणिले उतार अंशात गुणिले आरपीएम). ४ आरपीएमला ६७२ भागिले ३० म्हणजे २२ मिनिटं येतात, आणि या प्रकारच्या किल्नला २०-३० मिनिटं हवीच असतात. झालं. मग भाजण्याच्या झोनवर उष्णतेचा भार जास्त होतोय का ते तपासायचं, कारण तो वाढला की विटा टिकत नाहीत. सेमिनारला हे दोन स्लाइडमध्ये बसतं आणि परीक्षक खूश होतात.

पण एवढ्यावर किल्न चालत नाही हो. आता त्या पाइपाकडे बघा. २५-२८ मिलिमीटर जाडीचं स्टीलचं शेल, आत विटा, आणि विटांचं वजन शेलच्या जवळपास दुप्पट भरतं. टायर, माल सगळं धरून फिरणारं वजन आठ-नऊशे टनांच्या घरात जातं. हे सगळं तीन टायरवर, आणि प्रत्येक टायर खाली दोन रोलरवर टेकलेला, रोलर उभ्या रेषेपासून ३०-३० अंशावर. टायर म्हणजे रबराचा नाही, ओतीव स्टीलचं भक्कम कडं. उतारामुळे या वजनाचा साडेतीन टक्के भाग, म्हणजे ३० टन, सतत खाली घसरायला बघतो, त्याला अडवायला थ्रस्ट रोलर असतो. किल्न चालू झाली की लांबीला १५-१६ सेंटिमीटर वाढते (६० मीटर, सरासरी २२० अंश चढ, स्टीलचा प्रसरण गुणांक १२ दशलक्षांश, करून बघा). म्हणून ती एकाच टायरपाशी, बहुतेक मधल्या, गिअरजवळच्या, जागेवर धरतात आणि दोन्ही टोकं मोकळी सोडतात. रोलर टायरपेक्षा रुंद का असतात हे पोरं विचारतात, त्याचं उत्तर हेच. गर्थ गिअर (किल्नभोवतीचं, तिला फिरवणारं मोठं दातेरी चाक) सुद्धा शेलवर थेट बोल्ट केलेला नसतो, लवचिक पट्ट्यांवर धरलेला असतो, नाहीतर शेल फुगलं की दातांची मेशिंग गेली.

मुख्य गोष्ट म्हणजे टायर आणि शेल यांच्यातली फट. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तेव्हा धाव लाल करून मोठी करतात, चाकावर बसवतात आणि थंड झाली की ती आवळून बसते. इथे नेमकं उलटं: आतला पाइप तापतो आणि बाहेरचं कडं त्यामानाने थंड राहतं. मग कडं आवळून बसवून चालेल का? आकडे घाला. टायरखाली व्यास ४.२५ मीटर धरा. शेल ३० वरून ३०० अंशावर गेलं की व्यास साधारण १४ मिलिमीटर वाढतो. टायर १८० अंशावर असेल तर तो साडेसात वाढतो. फरक सहाच्या वर. चालू असताना तीन-चार मिलिमीटर मोकळीक राहायला हवी असेल तर थंड असताना नऊ-दहा मिलिमीटर द्यावी लागते. सव्वाचार मीटरच्या कड्यात एवढीशी फट, आणि सगळी किल्न तिच्यावर जगते.

कमी ठेवली तर? पहिल्या लाइट-अपला (थंड किल्न पेटवून तापवताना) कोणी घाई केली, शेल ३०० ला गेलं आणि टायर अजून ८० वरच आहे असं समजा. शेल १४ वाढलं, टायर अडीच. फरक साडेअकरा, फट दहा. टायरने शेलचा गळा आवळला, स्टील आतल्या बाजूला दबलं आणि थंड झाल्यावर ते परत मूळ मापाला येत नाही. म्हणून लाइट-अपचं शेड्यूल २४ तास, कधी ४८ तासांचं असतं, आणि प्रॉडक्शनवाले कितीही फोन करोत, ते पाळायचं असतं.

जास्त ठेवली तर? मग टायर शेलला वरून आधार देत नाही, शेल स्वतःच्या वजनाने टायरच्या आत चपटं होतं आणि प्रत्येक फेऱ्यात त्याचा आकार बदलत राहतो. मिनिटाला ४ फेरे म्हणजे दिवसाला ५७६० वेळा. स्टील हे सोसतं, विटा सोसत नाहीत. त्या एकमेकींवर दाबल्या जातात, कडा फुटतात, सैल होतात आणि पडतात. वीट पडली की शेलवर रेड स्पॉट, म्हणजे रात्री नुसत्या डोळ्यांना लाल ठिपका दिसतो, आणि मग किल्न थांबवण्याशिवाय इलाज नसतो. ढोबळ नियम असा की ओव्हॅलिटी (शेल किती चपटं होतं ते) टक्क्यांत, व्यासाच्या मीटरच्या एक-दशांशापेक्षा जास्त नको: ४.२ मीटरला ०.४२ टक्के. टायरखालचं शेल ६०-७० मिलिमीटर जाड का असतं तेही यावरूनच कळतं, आणि ती जाडी एकदम २५ वर उतरवायची नाही, मध्ये एक टप्पा द्यायचा, नाहीतर जोडावर क्रॅक येतो.

ही फट चालू किल्नवर मोजायची कशी, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. टायर आणि शेल यांचा परीघ वेगळा, त्यामुळे शेल एक पूर्ण फेरा मारतं तेव्हा टायर किंचित मागे पडतो. मेंटेनन्सवाला खडूने टायरपासून शेजारच्या शेलवर सरळ एक रेघ ओढतो. एक फेरा झाला की रेघेचे दोन तुकडे झालेले दिसतात, टायरवरचा मागे राहिलेला, आणि त्यांच्यातलं अंतर तो पट्टीने घेतो. त्याला ३.१४ ने भागलं की फट आली. साडेबारा मिलिमीटर सरकला म्हणजे फट ४. या सरकण्याला प्लांटमध्ये मायग्रेशन म्हणतात आणि रोज लिहून ठेवतात. मायग्रेशन शून्य आलं की सगळे धावतात, कारण टायर आवळला गेलाय. महिन्यामागून महिने हळूहळू वाढत गेलं तर टायरखालचे पॅड (शेलवरच्या ज्या पट्ट्यांवर टायर बसतो त्या) झिजलेत, पुढच्या शटडाऊनला शिम (पातळ पत्रे) टाकायचे. एक खडू, एक पट्टी, आणि नऊशे टनांच्या मशीनच्या आत काय चाललंय ते कळतं. हल्ली सेन्सर लावतात, शेलचं तापमान इन्फ्रारेड स्कॅनर सतत दाखवतो, चांगलंच आहे, पण खडूची पद्धत शिकल्याशिवाय सेन्सरचा आकडा समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

विटांबद्दल दोन वाक्यं. भाजण्याच्या झोनमध्ये मॅग्नेशिया-स्पिनेल, आधी मॅग-क्रोम वापरायचे पण त्यातून विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम होतं म्हणून ते मागे पडलं, आणि अलीकडे-पलीकडे हाय अॅल्युमिना. पण विटेला खरं वाचवतो तो तिच्यावर चिकटलेला क्लिंकरचा थर, ज्याला कोटिंग म्हणतात. ज्वाला वाकडी झाली, कोळशाची राख बदलली की कोटिंग गळतं आणि शेलचं तापमान तासाभरात चढतं. शेल ४०० च्या वर गेलं की स्टीलची ताकद उतरायला लागते आणि तिकडे टायरची फटही खाल्ली जाते. म्हणजे बर्नरचं सेटिंग आणि मेकॅनिकल डिझाइन वेगळे विषय नाहीतच, हे स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि लाइट गेली तर? विचारलं नाहीत पण परीक्षक विचारतील. तापलेली किल्न एका जागी थांबली की दोन सपोर्टच्या मध्ये वाकते आणि तशीच थंड झाली तर वाकडी राहते. म्हणून डिझेल इंजिनवर चालणारा वेगळा बॅरिंग ड्राइव्ह असतोच, त्याने दर काही मिनिटांनी पाव फेरा द्यायचा, आणि वरून पाऊस पडत असेल तर जवळपास सतत. डिझाइनवाल्याने तो स्वस्तातला दिला तर एक वादळी रात्र पुरते.

पुण्याजवळ बघायला किल्न नाही, कारण आपल्या खाली सगळा बसाल्ट आहे, चुनखडक नाही. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला सिमेंटची मशिनरी बनत आलीय, पण प्रत्यक्ष चालणाऱ्या किल्न एकतर चंद्रपूरकडे, गडचांदूर-घुग्गुस, नाहीतर सोलापूर ओलांडून कर्नाटकात वाडी, सेडमच्या पट्ट्यात. सोलापूरला आहेत ती क्लिंकर दळणारी युनिटं, तिथे जाऊन किल्न शोधू नका. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असेल तर तो याच वाडी-शहाबादच्या पट्ट्यातला चुनखडक. कॉलेजच्या लेटरहेडवर प्लांट व्हिजिटची परवानगी मागा, बऱ्याचदा देतात. गेलात तर कंट्रोल रूममध्ये फार वेळ घालवू नका, तिथले स्क्रीन सगळीकडे सारखेच. सेफ्टीवाल्याला घेऊन किल्नच्या प्लॅटफॉर्मवर जा, मधल्या टायरपाशी उभं राहा, मायग्रेशनचं रजिस्टर बघायला मागा आणि कोल्ड गॅप (थंड असतानाची फट) किती दिलाय ते विचारा. शेलचा व्यास आणि दोन्ही तापमानं लिहून घेतलीत की वरचं सगळं गणित तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी करता येईल.