शहादा-धडगाव भागातल्या भिल्ल-पावरा घरांतल्या जुन्या फोटोंवरून माहितीपट करायचाय. सुरुवात कुठून करू?

आधी रेकॉर्डर, मग स्कॅनर, कॅमेरा सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की हातात नुसते चेहरे उरतात. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ दरम्यान आठ खंडांत छापलेल्या फोटोंत माणसं जमातीचे नमुने म्हणूनच उभी आहेत. घरच्या फोटोतल्या माणसाला नाव, कूळ, पाडा असतो; पण हे फोटोवर लिहिलेलं नसतं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं.

म्हणून फोटो आजीच्या हातात द्या, कॉलर माईक लावा, पंखा बंद करा. पावरी, भिलोरी, अहिराणी, ती ज्यात बोलते त्यातच विचारा. प्रमाण मराठीत विचारलं की साहेबाला दिल्यासारखी उत्तरं येतात. नुसतं "हे कोण?" विचारून भागत नाही. अंगावरची चांदी स्वतःची की उसनी आणलेली? फोटोत कोण आलं नाही, आणि का? मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावं सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात बुडाली. तिथल्या अंगणाचा एखादा फोटो असेल तर त्यावरून कोणाचं घर कुठे होतं ते कागदावर काढून घ्या.

फोटो घराबाहेर न्यायचे नाहीत. यूएसबीवर चालणारा स्कॅनर ओट्यावरही चालतो. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल (हिच्यात तपशील गळत नाही), फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत. साडेतीन बाय पाच इंची फोटोची फाइल सुमारे १९ एमबी होते, म्हणजे पाचशे फोटो १० जीबीत बसतात. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर चित्रही जातं. आधी सावलीत वाळू द्या, मग मऊ ब्रश. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं स्कॅन बारीक होऊन येतं, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

बऱ्याच घरांत फोटोच नसतात. मग मतदार ओळखपत्र, आश्रमशाळेचा गटफोटो, वनहक्क दाव्याची फाइल बघा.

चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. पडद्यावर फोटो सहा-सात सेकंद तरी थांबू द्या. एआयने चेहरा 'साफ' करू नका, तो दुसऱ्याच कुणाचा होतो.

परवानगी एकेका फोटोची वेगळी घ्या: फक्त घरात, पाड्यावर, की यूट्यूबवर. कच्चा कट, म्हणजे माहितीपटाची पहिली जुळणी, होळीच्या दिवसांत पाड्यावरच दाखवा. ऊसतोडीला गेलेले तेव्हा परत आलेले असतात, आणि चुकलेली नावं तिथल्या तिथे दुरुस्त होतात.