फुंकर, वाफ आणि एकच तोंड

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय. मुलाने निबंधात लिहिलं, 'थंडीत आजी माझ्या हातांवर फुंकर घालून हात गरम करते', आणि बाईंनी 'फुंकर' खाली लाल रेघ मारली. तर फुंकर गारच असते का, आणि ती गरम हवा सोडतो तिला मराठीत वेगळा शब्द आहे का, असा प्रश्न.

रेघ बरोबर आहे असं मला वाटतं, पण फुंकर गार असते म्हणून नव्हे. त्या शब्दात गारवा मुळातच नाहीये. फुंकर म्हणजे ओठांचा चंबू करून जोरात सोडलेली हवा, एवढंच. शब्द आवाजावरनं आलाय, संस्कृतातला फूत्कार, आपण सापाचा फुत्कार म्हणतो तोच. निखारा फुंकला की फुलतो, दिवा फुंकला की मालवतो, चहा फुंकला की निवतो आणि तिन्हीला आपण फुंकणंच म्हणतो. गारव्याचा अर्थ त्याला चिकटला तो बहुतेक 'दुःखावर फुंकर घालणं' यामुळे, कारण खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालते ती गारच लागते ना.

मग गरम हवेला काय म्हणायचं? वाफ. चष्मा पुसताना आपण काचेवर तोंडाची वाफ सोडतो, तिथे फुंकर घातली असं कुणी म्हणत नाही. आणि उगाच बडबडणाऱ्याला 'तोंडाची वाफ दवडू नकोस' म्हणतो! मला हा वाक्प्रचार फार आवडतो कारण तो अगदी जसं आहे तसं सांगतो. फुप्फुसातून बाहेर येणारी हवा साधारण 34-35 डिग्रीची असते आणि तिच्यात मावेल तितकी पाण्याची वाफ जवळपास भरलेली असते. तोंड मोठं उघडून हळू 'हाऽऽ' केलं की ती तशीच्या तशी हातावर येते, आणि हात गारठलेला असेल तर त्या वाफेचं त्याच्यावर पाणी होतं, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते तीही हातालाच मिळते. काचेवर धुकं धरतं तेच हे, फक्त हातावर दिसत नाही.

आता फू केल्यावर तीच हवा गार का लागते. बरेच जण सांगतात की बारीक फटीतून बाहेर पडताना हवा प्रसरण पावते म्हणून थंड होते, मीही बरीच वर्षं हेच सांगायचो, पण तोंडाने आपण जो दाब देतो तो इतका थोडा असतो की त्याने एवढा फरक पडत नाही. खरी गोष्ट अशी की जोरात निघालेली हवा आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेते, वीतभर लांब धरलेल्या हातापर्यंत पोचेस्तोवर तिच्यात तुमच्या तोंडातली कमी आणि खोलीतली जास्त असते. शिवाय कातडीला लागून ऊबदार दमट हवेचा एक पातळ थर असतो तो ती उडवून लावते आणि घाम पटापट सुकतो, त्याने आणखी गार वाटतं.

घरी करून बघा. आमच्या वर्तकनगरच्या घरी भाचीला दाखवायला मी लाइट बिलाची गुंडाळी केली, दोन बोटं जातील एवढी रुंद, एक टोक ओठांभोवती मुठीने घट्ट धरलं आणि फू केलं. दुसऱ्या टोकाला तिचा तळहात होता. म्हणाली, मामा, गरम आहे! बाजूची हवा आत घुसायला वाटच नाही ना. नुसता हात ओठांना टेकवून फू केलं तरी गरम लागतं, तो हळूहळू लांब नेला की गार होत जातं.

म्हणजे फुंकरीचा गारवा आपला नाहीच, तो भोवतालच्या हवेचा. म्हणूनच ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी, हवा पस्तिशीला टेकलेली आणि खाडीचा दमटपणा, अशात फुंकर घातली तरी काही बरं वाटत नाही. तीच फुंकर जानेवारीत येऊरला सकाळी हातावर घाला, झोंबेल.

आणखी एक गंमत भाषेची. 'हा' मधला ह कंठातला, तोंड उघडं, हवा मोकळी. 'फू' मधला फ ओठांचा. संस्कृत व्याकरणात प किंवा फ च्या आधी येणाऱ्या विसर्गाचा ओठांनी फुंकल्यासारखा उच्चार आहे आणि त्याचं नावच उपध्मानीय, ध्मा म्हणजे फुंकणं. धमनी हा शब्दही त्याच धातूचा.

तर ताई, मुलाला वाक्य असं लिहायला सांगा: 'आजी माझ्या हातांवर तोंडाची वाफ सोडून हात गरम करते.' आणि नंतर तीच आजी बशीत चहा ओतून त्याला निववून देत असेल तर तिथे फुंकर बिनधास्त लिहू दे.